बारावी, पास आणि मुक्कामाची गाडी

५ जानेवारी २०२५, रविवार

भौतिकशास्त्राच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती. ती काढून दोऱ्याने शिवली आणि ही वही तयार झाली. मराठीच्या मॅडमनी वर्गात सांगितलं होतं की साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायचे आणि तिथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढायचे. ज्या अमळनेरला मी रोज शिकायला जाते, तिथेच हे झालं. शाळा, छात्रालयातली मुलं, सगळं सांभाळून ते लिहीत होते, तर मला रात्री अर्धं पान लिहायला जमलं पाहिजे.

बोर्डाचा पहिला पेपर ११ फेब्रुवारीला, इंग्रजीचा. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, किती टक्के पडतील? नानांचे, म्हणजे वडिलांचे, मित्र, मामा, दूधवाले काका, सगळे. मी ‘बघू’ म्हणते. टक्क्यांची मला भीती वाटत नाही. अभ्यास चालू आहे, जीवशास्त्र तर आवडतंच. बारावी संपल्यावर जूनमध्ये सकाळच्या गाडीत मी असेन का, हा प्रश्न मात्र रात्री झोपू देत नाही.

आईचा आवाज आला, “निज वं आते, डोया खराब व्हई जातीन.”

८ जानेवारी

थंडी फार. मुक्कामाची गाडी आज उशिरा निघाली. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या मंदिराजवळच्या खोलीत झोपतात. सकाळी गाडी सुरू व्हायचा आवाज आला की आमच्या गल्लीतल्या चार घरांत एकदम धावपळ होते. गाडीत पुढे दूधवाल्यांच्या किटल्या, मध्ये बाजाराला जाणाऱ्या बाया, मागे आम्ही मुली. खिडक्यांची तावदानं बसत नाहीत, म्हणून सगळ्या जणी स्कार्फ बांधून बसतो. बाहेर दादर ज्वारी निसवली आहे, हरभऱ्याला घाटे धरलेत. काही वावरांत कपाशीची शेवटची वेचणी चालू आहे.

मैत्रीण शेजारी बसते. ती आर्ट्सला आहे. आठवीपासून आम्ही एकाच सीटवर. ती मला इतिहासाच्या गोष्टी सांगते, मी तिला पेशीविभाजन. तिला अभ्यासक्रमात नसूनही समजतं, कारण ती प्रश्न विचारते. आज मात्र खिडकीबाहेर बघत होती. रविवारी तिला बघायला पाहुणे येऊन गेले.

९ जानेवारी

काल पुढे लिहवलं नाही.

मुलगा सुरतला कारखान्यात आहे. घरची माणसं बरी आहेत म्हणे. तिला अठरा पूर्ण झाली आहेत, त्यामुळे कायद्याने कुणी अडवणार नाही. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली की लग्न करून टाकू, असं तिच्या घरी बोलणं चाललंय. तिचे वडील वाईट नाहीत. तिच्यासाठी रोज रात्री स्टँडवर उभे राहणारे तेच. ते एवढंच म्हणतात, “बारावीपर्यंत पास होता, शिकवली. आता पुढे कसं जमायचं?”

या वाक्याचा मला दिवसभर त्रास झाला.

१४ जानेवारी, संक्रांत

आज अभ्यास कमी केला आणि त्याचं काही वाटलं नाही. नानांनी पऱ्हाटीच्या काड्या पेटवून अंगणात वांगी भाजली. हिरवी मोठी वांगी, सालीवर तडे जाईपर्यंत. आईने हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात घालून भरीत केलं, सोबत कळण्याची भाकरी. भावाने दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरीसाठी भांडला.

जेवताना आजी म्हणाली, “इतलं शिकीसन कथा जाशी वं बाई?” रागाने नाही, खरंच विचारत होती. मी म्हटलं, धुळ्याला, कृषी महाविद्यालयात. धुळं म्हटल्यावर आजी गप्प झाली. मग तिने स्वतःचं सांगितलं, जे मी आधी कधी नीट ऐकलं नव्हतं. गावात शाळा चौथीपर्यंत होती, म्हणून ती चौथी शिकली. तिला गणित यायचं. बाजारात आजही कुणी तिला फसवू शकत नाही. पाचवीची शाळा नाल्यापलीकडच्या गावात होती आणि पावसाळ्यात नाला भरायचा.

आईची गोष्ट मला माहीत होती. तिच्या माहेरच्या गावात सातवीपर्यंत शाळा होती, ती सातवी शिकली. आठवीला एस.टी. नव्हती, पायी पाठवायला घरचे तयार नव्हते.

आजी चौथी, आई सातवी, मी बारावी. रात्री अंथरुणात हे लक्षात आलं आणि मी उठून बसले. आमच्या घरातल्या एकाही बाईचं शिक्षण बुद्धी कमी पडली म्हणून थांबलेलं नाही. जिथे रस्ता संपला तिथे शाळा संपली. मी बारावीपर्यंत आले, कारण माझ्या वेळेला गाडी गावात मुक्कामाला येत होती आणि अहिल्यादेवी होळकर योजनेत गावाकडच्या मुलींना पाचवी ते बारावी एस.टी.चा पास मोफत मिळतो. मी हुशार आहे, मेहनत करते, हे खरंच. पण आजीही हुशार होती.

१९ जानेवारी, रविवार

संपाचे दिवस आठवले. मी नववीत होते. २०२१ च्या नोव्हेंबरपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एस.टी.चा संप चालला. कर्मचाऱ्यांचं दुःख खरं होतं, आमच्या गावचा एक कंडक्टर महिनोन्‌महिने पगाराविना घरी होता, त्यांना मी दोष देत नाही. पण गावात काय झालं ते मी बघितलंय. मुलं मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून गेली, दुधाच्या टेम्पोत गेली. मुलींना कुणी टेम्पोत बसू दिलं नाही. मला नाना सोडायचे, कामाचा दिवस मोडून. ज्यांच्या घरी गाडी नव्हती किंवा वडील मजुरीला जायचे, त्या मुली घरी राहिल्या. त्याआधी कोरोनात शाळा बंद होतीच. एप्रिलमध्ये गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा आमच्या सीटच्या मागच्या दोघी आल्या नाहीत. त्यातल्या एकीला आता मुलगी आहे.

त्यांची नावं कुठल्याच नापासांच्या यादीत नव्हती. त्या हजेरीतून गेल्या.

२३ जानेवारी

आज निरोप समारंभ. सगळ्या मुली साड्यांत, बहुतेक आईच्याच. फोटो खूप काढले. मुलांपैकी दोघं बोलताना रडले, त्यामुळे सगळेच रडले. पावभाजी.

३० जानेवारी

रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक झालं. पोटॅशियम परमँगनेटचं अनुमापन आलं. मला ते सगळ्यांत आवडतं. ब्युरेटमधून जांभळा थेंब पडतो आणि खालच्या द्रावणात रंग नाहीसा होतो. पडतो, नाहीसा होतो. मग एक थेंब असा येतो की फिकट गुलाबी रंग राहतो, जात नाही. तिथेच थांबायचं. वेगळा दर्शक टाकावा लागत नाही, परमँगनेट स्वतःच सांगतं. माझी दोन वाचनं अगदी जुळली. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, हात स्थिर आहे.

हे मी दिवसभर मनात घोळवलं. प्रयोगशाळेत उभं राहून स्वतःच्या हाताने काहीतरी मोजणं आणि ते बरोबर येणं, यात जो आनंद आहे तो टक्क्यांत येत नाही. मला हे आणखी करायचं आहे. मातीचं करायचं आहे. आमच्या वावरात खत टाकतो ते दुकानदार सांगतो म्हणून. मातीत काय कमी आहे हे नानांनी कधी तपासलं नाही, आणि तपासणीचा कागद हातात आला तरी तो वाचून सांगणारं घरात कुणी नाही. ते मला व्हायचंय. लोक विचारतात ‘नीट’ परीक्षा का देत नाहीस, डॉक्टर का नाही. डॉक्टर होणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. मला वावरातलं करायचं आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

उरलेला कापूस गेला. लांब धाग्याच्या कापसाचा यंदाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये. दारात आलेल्या व्यापाऱ्याने त्याहून बरंच कमी दिलं. सरकारी खरेदी केंद्रावर न्यायचा तर गाडीभाडं, रांग, ओलावा जास्त म्हणून परत पाठवलं तर पुन्हा भाडं. नानांना पैसे आत्ता हवे होते. तापीवरच्या पाडळसरे धरणाचं काम माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. तापी तालुक्यातून वाहते आणि आमचं वावर पावसाकडे बघतं.

संध्याकाळी नानांसमोर हिशोब मांडला. राज्य सरकारच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमांना आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आम्ही ओबीसीत बसतो. म्हणजे फी हा मोठा डोंगर उरला नाही. उरतं राहणं, मेस आणि जाणं-येणं. नानांनी आकडे दोनदा ऐकले. “उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, व्हॅलिडिटी, सगळं आधी करून घेऊ,” एवढं म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. नाना ‘हो’ असं कधी म्हणत नाहीत, कागद गोळा करायला लागतात. मला रडू आलं. आई म्हणाली, रडतेस कशाला, अजून पेपर व्हायचेत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला पेपर. वेळ अकराची, पण साडेदहाला केंद्रावर हजर राहायचं. गावातून सोयीची मधली गाडी नाही, म्हणून सकाळच्या मुक्कामाच्या गाडीनेच गेलो आणि केंद्राबाहेरच्या निंबाखाली बसून राहिलो. शहरातली मुलं दहाला अंघोळ करून ताजी आली. आम्ही तेव्हा डबा खाऊन मोकळ्या झालो होतो. यंदा कॉपीमुक्तीची कडक व्यवस्था आहे, दारावर पोलीस होते. मला ते चांगलं वाटलं. ज्याने अभ्यास केला त्याला त्याचा न्याय मिळाला पाहिजे.

पेपर दोनपर्यंत, वर दहा मिनिटं वाढीव. ती मला निबंधाला कामी आली.

परतीची गाडी पाच वाजता. स्टँडवर मैत्रिणीने विचारलं, “जूनमा तू कोणासंगे बसशी?” मी काही बोलले नाही.

१७ फेब्रुवारी

दिवसा ऊन लागतं आणि रात्री गोधडी लागते. आजी पहाटे चहा करून देते.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

गावातले बरेच जण तापी-पांझरेच्या संगमावर कपिलेश्वराला गेले. मी आणि मैत्रीण गेलो नाही. तिला तिच्या घरी राज्यशास्त्राची उजळणी करायची होती, मी सोबत बसले. ती मन लावून वाचते. लग्न ठरत आलेली मुलगी पेपरासाठी एवढी का झटते, असं तिच्या काकूने हसत विचारलं. ती म्हणाली, “मना मार्क मना शेत ना.” म्हणजे माझे मार्क माझे आहेत ना. काकू गप्प झाली. मला तिचा इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही.

तिला पुढे शिकायचं आहे. मी आजपर्यंत हे थेट विचारलं नव्हतं, कारण उत्तर माहीत होतं आणि त्यावर उपाय माहीत नव्हता. आज विचारलं. बी.ए. करायचं आहे, मग जमलं तर शिक्षिका. सुरतला गेल्यावर काय होईल तिला माहीत नाही. पळून जायचं, भांडायचं, असलं तिच्या मनात नाही. लग्नाला तिचा नकारही नाही. पुस्तकं सुटू नयेत, एवढंच तिचं म्हणणं आहे.

१३ मार्च, गुरुवार, होळी

पेपर संपले. माझे आधी, तिचे परवा. आता सीईटी, जीवशास्त्र गटाची, एप्रिलमध्ये. दोनशे गुण. जीवशास्त्राचे शंभर असल्याने धीर आहे.

संध्याकाळी होळीला नैवेद्य दाखवून आल्यावर नानांशी तिच्याबद्दल बोलले. नाना तिच्या वडिलांचे शाळेपासूनचे मित्र. मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, बारावीनंतर मोफत पास संपतो, पण विद्यार्थ्यांच्या मासिक पासात सवलत असतेच, भाड्याचा साधारण तिसरा हिस्साच भरावा लागतो. हे तिच्या घरी कुणाला माहीत नाही. पास संपला म्हणजे सगळं संपलं, असं धरून ते बसलेत. दुसरी, लग्न होऊन ती गेलीच तरी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. घरी राहून करता येतं. रोज वर्गात बसण्याची सर त्याला नाही हे मला कळतं. वर्गात बसणं, शेजारी कुणीतरी असणं, गाडीत वाद घालणं, हे सगळं तिला मिळायला हवं आणि ते मिळावं म्हणून मी आधी पहिल्याच गोष्टीसाठी बोलणार आहे. लग्न वर्ष-दोन वर्षं पुढे गेलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

नाना ऐकत होते. म्हणाले, “तू बोलशील की मी बोलू?”

मी म्हटलं, दोघं जाऊ. पासाच्या दराचा कागद डेपोतून आणलाच आहे, मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशाची माहिती मॅडमकडून लिहून घेतली आहे. उद्या धुळवड, तिचे वडील दिवसभर घरीच असतात. चहाच्या वेळेला जायचं ठरलंय. मैत्रिणीला निरोप पाठवला आहे की तिनेही तिथे बसायचं आणि स्वतः बोलायचं.