सॉल्टेअरच्या मागच्या गल्लीत

लंडन झालं, यॉर्क झालं, लेक डिस्ट्रिक्टला दोन दिवस नुसता पाऊस. मला लिहायचंय ते सॉल्टेअरबद्दल, एका मिलमालकाने आपल्या कामगारांसाठी वसवलेल्या इंग्लंडमधल्या गावाबद्दल. खरं तर ताई तिथे फक्त जेवायला घेऊन गेली होती, लीड्सपासून ट्रेनने जेमतेम पंधरा मिनिटं, आणि मी दुसऱ्या दिवशी परत एकटी गेले.

टेरेस म्हटलं की आपल्याला गच्ची आठवते, पण इथे टेरेस म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांची अख्खी रांग. दगडी, उतारावरून पायरी-पायरीने खाली गेलेली छपरं, आणि शेवटी समोर ती अवाढव्य मिल. रविवार होता, कॅफेबाहेर रांगा, सगळे समोरून फोटो काढून निघून जात होते आणि मला त्याचा रागच आला, कारण जॉर्ज स्ट्रीटवर मला एक गोष्ट खटकत होती. सगळी घरं एकसारखी, पण रांगेच्या टोकाचं घर मात्र उंच, तीन मजली. का?

संध्याकाळी दाजींना विचारलं. ते म्हणाले, टोकाची घरं ओव्हरलुकरची. म्हणजे जॉबर, कामगारांवरचा मुकादम! माझे आजोबा लालबागला गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, त्यामुळे जॉबर काय चीज असते हे आमच्या घरात वेगळं सांगावं लागत नाही. पगाराप्रमाणे घर, आणि ते रस्त्यावरूनच दिसणार.

मग रात्री एक वाजेपर्यंत दाजींच्या लॅपटॉपवर वाचत बसले. टायटस सॉल्ट हा लोकरीचा कारखानदार, पेरूतल्या अल्पाकाच्या लोकरीतून पैसा केला. ब्रॅडफर्ड तेव्हा धुराने आणि गर्दीने भरलेलं, १८४९ला तिथे कॉलरा आला आणि त्याच सुमारास हा तिथला मेयर होता. त्याने मिल शहराबाहेर एअर नदीकाठी हलवली. २० सप्टेंबर १८५३ला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाला, ती सुरू केली. नदी, कॅनॉल, रेल्वे, सगळं दाराशी. मग पुढची पंधरा-एक वर्षं घरं बांधत गेला, ८००च्या वर, लॉकवुड आणि मॉसन हे आर्किटेक्ट. रस्त्यांना नावं बायको-मुलांची, कॅरोलाइन, जॉर्ज, अमेलिया, फॅनी, हर्बर्ट. पब एकही नाही. आणि वाळत घातलेले कपडे रस्त्यात दिसलेले त्याला आवडायचे नाहीत असं सांगतात. १८६३ला त्याने स्वतंत्र धुलाईघर काढलं हे मात्र नक्की. आमच्या चाळीत गॅलरीभर कपडे असायचे. ते वाचून मला वाईट वाटलं, घर त्याचं होतं, कपडे तर त्या बाईचे होते ना.

दाजींकडे जुनी जनगणना बघायचं सब्स्क्रिप्शन आहे. त्यात १८७१ची पानं उघडली. एका घरात आई-बाप, पाच मुलं, वर एक भाडेकरू. आणि दहा वर्षांच्या मुलीच्या नावापुढे लिहिलेलं, हाफ-टायमर. म्हणजे अर्धा दिवस मिल, अर्धा दिवस शाळा, कायद्यानेच तसं चालायचं. माझी भाची शेजारच्या खोलीत झोपली होती, तीही दहाचीच. मी पान बंद करू शकले नाही बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी परत गेले ती याचसाठी, आणि यावेळी मागच्या गल्लीतून. खरं गाव तिथे आहे हे माझं ठाम मत. घरामागची छोटी फरसबंद अंगणं, भिंतीत बुजवलेली चौकोनी भोकं, त्यांच्या कडेचे दगड अजून वेगळे दिसतात. तिथे संडास होते, प्रत्येक घराचा स्वतःचा. एका अंगणात दोरीवर टॉवेल वाळत होते, ते बघून इतकं बरं वाटलं. मिल पार १९८६पर्यंत चालली. २००१ला युनेस्कोच्या यादीत आलं म्हणून आता पर्यटक येतात.

मुंबईची पहिली कापडगिरणी, ताडदेवची, १८५६ला चालू झाली, म्हणजे दोन्हीकडचा काळ जवळपास एकच. तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला, गल्ली दाखवली. बाबांचा पहिला प्रश्न, "नळ घरात होता?"

म्हटलं हो, पाणी घरात, गॅसचा दिवा घरात.

"आणि संडास?"

"मागच्या अंगणात. पण प्रत्येकाचा आपापला."

बाबा काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या आजीला हे दाखवायला हवं होतं."