रेस्ट डे आणि एक बूट

बेस कॅम्पवर रेस्ट डे असला की डॉक्टरलाही सुट्टी असेल असं बऱ्याच जणांना वाटतं, पण मी सगळ्यात जास्त लक्ष त्याच दिवशी ठेवते. चढताना प्रत्येकाला धाप लागते, त्यात कोणाची धाप वेगळी आहे हे कळणं अवघड. नुसता बसलेला माणूस धापा टाकत असेल तर मात्र लपत नाही.

एव्हरेस्टची दक्षिण बाजू, ५३६४ मीटर, मे महिना नुकताच लागलेला. टीम आदल्या दिवशी कॅम्प २ वरून, म्हणजे साधारण ६४०० मीटरवरून रोटेशन करून, म्हणजे विरळ हवेची सवय व्हावी म्हणून वर राहून, खाली आली होती. ऊन आलं की तंबूची भट्टी होते आणि ढग आला की पाच मिनिटात परत डाऊन जॅकेट. कोणी मोजे वाळत घालत होतं, कोणी नुसतं पडलेलं, दोघंजण तंबूखालचा बर्फ फोडून सपाट करत होते कारण आजूबाजूचा बर्फ उन्हाने वितळतो आणि तंबूच्या सावलीतला तसाच राहतो, मग तंबू हळूहळू ओट्यावर चढल्यासारखा दिसायला लागतो.

डायनिंग टेंटमध्ये लीडर सर आणि शेर्पांचे प्रमुख सरदार दाई व्हाइटबोर्डसमोर बसलेले. जेट स्ट्रीम उत्तरेकडे सरकतोय असं फोरकास्ट होतं, वारा पडायची शक्यता आठवड्याभरात, आणि इथून समिट गाठायला चार-पाच दिवस लागतात, म्हणजे वारा पडलेल्या दिवसांची खिडकी दिसल्यावर निघून चालत नाही, त्याआधीच निघावं लागतं. ऑक्सिजनचा हिशोब चालू होता. ४ लिटरची बाटली ३०० बारला भरली की १२०० लिटर गॅस, मिनिटाला २ लिटर लावला तर १० तास, ४ लावला तर ५. साउथ कोलवर, म्हणजे शेवटच्या कॅम्पवर किती, त्याच्या वर बाल्कनी नावाच्या टप्प्याला किती, कोणाच्या नावावर किती. पहिल्या टीमच्या यादीत दुसरं नाव होतं ते टीममधल्या एका मुलाचं.

तो टेंटच्या दाराशी बूट घालत होता. एक बूट घातला, लेस बांधली, आणि दुसरा हातात घेऊन तसाच बसून राहिला. मी चहा ओतून घेतला, दोन घोट प्यायले, तरी दुसरा बूट हातातच. तेवढ्यात कोरडा खोकला आला आणि तो त्याने कोपरात दाबला. माझ्याकडे बघून.

मी म्हटलं, बाळा, बोट दे जरा. ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन पहिल्यांदा ६६ टक्के आला. गार बोटावर मशीन चुकतं म्हणून त्याचे हात माझ्या हातात चोळून गरम केले, दुसऱ्या हाताच्या बोटाला लावलं, ६७. पल्स ११८, बसल्या बसल्या. सकाळी बाकीच्यांचं ८० ते ८६ च्या मध्ये होतं, आणि सकाळच्या राउंडला हा झोपलाय असं कळल्यावर मी त्याला उठवलं नव्हतं, ते मला आजही खटकतं. उजव्या काखेखाली स्टेथोस्कोप ठेवला आणि कानाजवळ केस चोळल्यावर येतो तसला बारीक आवाज, प्रत्येक श्वासाला.

फुफ्फुसात पाणी. उंचीमुळे होणारं, म्हणजे हेप.

"मॅडम, नुसता खुंबू कफ आहे, सगळ्यांनाच आहे." थंड, कोरड्या हवेने होणारा तो खोकला खरंच सगळ्यांना होता, म्हणूनच तो त्यामागे लपू शकला. कॅम्प २ वर रात्री झोपता येत नव्हतं, उशी लावून बसून काढली, हे त्याने मग सांगितलं. दोन दिवस आराम करून दुसऱ्या टीमबरोबर जातो म्हणाला. मी त्याला सरळ सांगितलं की हजार मीटर खाली उतरल्यावर माणसाला बरं वाटायला पाहिजे, तुला वाटलं नाही, मग इथे आराम करून हे जाणार नाही, अजून खाली जावंच लागेल. सरांनी मला एकच विचारलं, नक्की का? मी नक्की म्हटलं. सरांनी पुढे काही विचारलं नाही, त्यासाठी त्यांचे आभार किती मानू.

दुपारी ढग खाली आले, हेलिकॉप्टर येणं शक्य नव्हतं, आणि त्या अवस्थेत त्याला चालवायचं नव्हतं. मग फुफ्फुसातला रक्तदाब उतरवणारं निफेडिपिन, ऑक्सिजन, पाठीमागे दोन डफल बॅगा लावून बसवलेलं, आणि लागलीच तर प्रेशर बॅग, म्हणजे माणसाला आत झोपवून हवेचा दाब वाढवायची पिशवी, शेजारी उघडून ठेवलेली. संध्याकाळपर्यंत ८९. रात्रभर मी त्याच्या तंबूत होते, रेग्युलेटरचा सूं आवाज आणि मधूनच ल्हो ला खिंडीकडून हिमस्खलनाचा गडगडाट. पहाटे तीनच्या सुमारास त्याने मास्क बाजूला करून विचारलं, माझ्या नावाच्या बाटल्या वर कॅम्प २ ला पोचल्यात ना? म्हटलं हो. मग सरांना सांगा त्या बिनधास्त वापरा, म्हणाला, आणि मास्क परत लावून तोंड फिरवलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले.

सहाला आभाळ मोकळं होतं. पावणेसातला तो हेलिकॉप्टरमध्ये बसला, दोन्ही बूट मीच घातले त्याला. दुपारी काठमांडूहून मेसेज आला, ऑक्सिजनशिवाय ९१, एक्स-रेत दोन्ही बाजूला पाणी.

डायनिंग टेंटमध्ये गेले तर सरदार दाई त्या बाटल्या साउथ कोलच्या रकान्यात राखीव म्हणून लिहीत होते. मी ऑक्सिमीटर घेतला आणि झोपलेल्यांनाही उठवून परत सगळ्यांची बोटं तपासली.