औषधांची खोकी घेऊन नेपाळला निघालेल्या मंडळींसाठी

“नेपाळ म्हणजे आपलंच. व्हिसा नाही, काही नाही, खोकी उचला आणि चला,” असं आमच्या पुण्याच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ज्यांनी छातीठोकपणे सांगितलं, ते पोखऱ्याला सहलीला जाऊन आले होते. सहलीला जाणाऱ्यांसाठी ते खरंही आहे. डॉक्टर, नर्स आणि औषधं घेऊन नेपाळच्या डोंगरातल्या तानसेनला आरोग्य शिबिरासाठी निघालेल्या आमच्यासारख्या चमूसाठी मात्र साफ खोटं. मी फार्मासिस्ट, त्यामुळे खोकी माझ्या गळ्यात. पुढे जे वाचाल त्यातला बराचसा राग त्या खोक्यांचा आहे.

पुण्याहून गोरखपूरपर्यंतच्या रेल्वेप्रवासाबद्दल काही सांगत नाही, भारतात राहणाऱ्याला तो सांगावा लागत नाही. फक्त एवढंच, की गोरखपूरचा प्लॅटफॉर्म 1366 मीटर लांब आहे आणि आमचा डबा नेमका चुकीच्या टोकाला लागला. हमालाशी आधी भाव ठरवा, खोक्यांची संख्या सांगून ठरवा. तिथून सीमेवरच्या सुनौलीपर्यंत बसनं तीनेक तास.

सुनौलीला कमानीखालून चालत गेलं की नेपाळ. माणसांना कोणी अडवत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा, नुसत्या आधार कार्डावर विसंबू नका. खरी गंमत भन्सारला, म्हणजे तिथल्या कस्टम्सला. आमच्याकडे होतं काय? मंडळीच्या लेटरहेडवर पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या पाद्रींच्या, सहीशिक्क्याचं पत्र. त्यांनी विचारलं काय? औषधांची यादी, बिलं, आणि नेपाळच्या औषध व्यवस्था विभागाची परवानगी. त्यांचं काहीच चुकलं नाही. उद्या कोणी परदेशी माणूस नगर जिल्ह्यात खोकीभर गोळ्या घेऊन उतरला, तर आपण काय त्याला हार घालू?

यादी पुढे सरकली तसा मला घाम फुटला. कोणीतरी दान म्हणून दिलेल्या एका खोक्यात ट्रॅमाडॉल या जालीम वेदनाशामकाच्या पट्ट्या निघाल्या. या सीमेवर नशेसाठी अशाच गोळ्यांची तस्करी होते, आणि ट्रॅमाडॉल आपल्याकडेही 2018 पासून अंमली पदार्थांच्या कायद्यात आहे. नशीब म्हणून समज देऊन सोडलं. दानात आलेलं प्रत्येक पाकीट निघण्याआधी स्वतः उघडा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या, ट्रॅमाडॉल, सगळं घरीच काढून ठेवा. दान देणारा दुखावेल. दुखावू दे.

एवढ्यात एक दलाल चिकटला. “हो जाएगा, टेन्शन मत लीजिए.” आमच्या सेक्रेटरींनी त्याला पैसे दिले, तो चहा प्यायला म्हणून गेला तो गेलाच. खोकी शेवटी भारताच्या बाजूला एका लॉजच्या खोलीत ठेवली, रोजच्या भाड्यानं.

आता ऐका, म्हणजे माझी चिडचिड कळेल: सीमेपलीकडच्या बुटवल शहरात औषधांच्या दुकानांत जवळजवळ सगळं मिळतं, आणि त्यातलं कितीतरी आपल्याच कंपन्यांचं. शिबिराच्या यजमान संस्थेच्या डॉक्टरांनी दिलेल्या यादीप्रमाणे मी दुपारभरात खरेदी उरकली. म्हणजे पुण्यापासून जे ओढत आणलं त्याची गरजच नव्हती. औषधं नेऊ नका. पैसे न्या आणि तिकडेच घ्या.

पैशांचं वेगळं सांगते. 1 भारतीय रुपया म्हणजे 1.60 नेपाळी रुपये, हा दर 1993 पासून ठरलेला आहे. सीमेवर कोणी दीड देत असेल तर सरळ उठा. 100 च्या नोटांची गड्डी घरूनच घ्या, आम्ही 500 ची नोट पुढे केली की समोरचा नको म्हणून मान हलवायचा. आणि भाव ठरवताना पहिला प्रश्न एकच: आयसी की एनसी? भारतीय की नेपाळी? आम्ही तानसेनपर्यंत जीप ठरवली 4800 ला. तीन माणसांदेखत ठरवली. तानसेनला उतरल्यावर ड्रायव्हर म्हणाला, 4800 आयसी! नेपाळी धरले तर आपले 3000 होतात. म्हणजे 1800 रुपयांचा चुना, तोही चढावर सगळ्यांचा जीव मुठीत असताना गाणी लावून बसलेल्या माणसाकडून. अर्धा तास वाद झाला, पाळकसाहेब “जाऊ द्या” म्हणाले आणि दिले. त्यांच्या जागी मी असते तर दिले नसते. भाव कागदावर लिहून घ्या, पुढे एनसी लिहा आणि त्याचा फोटो काढा. नाहीतर बुटवलहून बस आहेच.

बुटवल सोडल्या सोडल्या सिद्धबाबाचा टप्पा लागतो. एका बाजूला तिनाऊ नदीची दरी, दुसऱ्या बाजूला सुटणारे दगड. इथे बोगद्याचं काम काढलंय ते उगीच नाही. आपल्या माळशेजला पावसात गाडी थांबवून वर बघणारे लोक असतात, तसं इथे कोरड्या दिवशीही बघावं लागतं. पावसाळ्यात या रस्त्यानं चमू नेऊ नका, मग तुमच्या मंडळीचा कितीही विश्वास असो. अंधार पडल्यावर तर नाहीच. आम्ही भन्सारच्या घोळामुळे नेमके अंधारातच होतो. मागच्या सीटवरच्या काकू पूर्ण टप्पाभर बायबलमधलं स्तोत्र 121 म्हणत होत्या, आणि “तो तुझा पाय ढळू देणार नाही” या ओळीला जीप खड्ड्यात आपटली.

काकूंवरून आठवलं. त्यांच्या पिशवीत नेपाळी भाषेतल्या सुवार्तेच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचाराच्या, पत्रिका होत्या, त्या गोरखपूरलाच काढून ठेवायला लावल्या. रुसल्या. पण नेपाळच्या 2015 च्या राज्यघटनेचं कलम 26 दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई करतं, आणि 2018 पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी 5 वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. तुम्ही परत याल, त्रास तिथल्या पाळकांना होईल. तानसेनचं मिशन हॉस्पिटल 1954 पासून उभं आहे. पक्ष्यांच्या अभ्यासासाठी आलेल्या रॉबर्ट फ्लेमिंग यांच्या डॉक्टर पत्नी बेथेल यांनी तिथे रुग्ण तपासले, त्यातून पुढे ते काम सुरू झालं. आणि सुरुवातीपासून सरकारची अट हीच होती, की उपचार करा, प्रचार नको.

आमच्या दोन्ही डॉक्टरांना स्वतंत्रपणे रुग्ण तपासता आले नाहीत. नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते, ती यजमान संस्थेमार्फत काही महिने आधी सुरू करायची असते. कोणी सांगितलंच नव्हतं. मग ते नेपाळी डॉक्टरांशेजारी बसून रक्तदाब मोजत राहिले. एमडी झालेला माणूस दिवसभर पट्टा गुंडाळतोय! पण खरं सांगायचं तर शिबिर चाललं ते गावातल्या महिला स्वास्थ्य स्वयंसेविकांमुळे. नेपाळनं 1988 मध्ये ही योजना सुरू केली. जामखेडला डॉक्टर आरोळे दांपत्यानं 1970 पासून आरोग्याच्या कामासाठी गावातल्या बायका तयार केल्या, ते पाहिलेल्यांना इथली पद्धत लगेच कळेल. चुलीच्या धुरानं छाती भरलेल्या आजी, अंग बाहेर येत असूनही वर्षानुवर्षं ओझी वाहणाऱ्या बायका, कोणाला कुठल्या घरातून आणायचं ते त्यांना ठाऊक. महिन्याभराच्या बीपीच्या गोळ्या वाटून निघून जाऊ नका. पुढची गोळी कोण देणार ते त्यांच्या वहीत लिहूनच उठा.

दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका. आमच्या शिक्षिकांना तेवढीच रजा होती, म्हणून आम्ही गेलो. तिकडे तेव्हा तिहार असतो. भाऊबिजेला भाईटीका, त्यामुळे पहिल्या दिवशी रिकाम्या खुर्च्यांना औषधं द्यायची पाळी आली. उपासना शनिवारी असते, रविवारी नव्हे, त्याप्रमाणे आखणी करा.

तानसेनजवळचा राणीमहाल पाहिला, छान आहे. लुंबिनीही पाहिलं.

येताना बसनं आलो आणि जीपच्या मानानं फुकटात आलो. गोरखपूरची गाडी संध्याकाळची असेल तर तानसेन पहाटेच सोडा, सिद्धबाबाला दोन तास अडकायची तयारी ठेवून. आणि हो, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढे असतं, मोबाइलनं वेळ बदलली की नाही ते बघा. खोकी उचलायला लॉजवर गेलात तर भाड्याची पावती मागा. आम्हाला दोन रात्री जास्त लावल्या होत्या.