प्रमाण लिहिलं नाही

शुक्रवार, रात्रीचे साडेदहा

शेजारचा दहावीतला मुलगा संध्याकाळी आलेख दाखवायला आला. दोन्ही रेषा सरळ, छेदनबिंदूही बरोबर. पण उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहिलेलं नव्हतं. "बाई, उत्तर तर आलंय ना!" मी तरीही एक गुण कापला. फुरंगटून गेला.

तो गेल्यावर अमेरिकी संसदेतला तो आलेख आठवला. २९ सप्टेंबर २०१५. गर्भनिरोधन, तपासण्या, गर्भपात अशा सेवा देणाऱ्या प्लॅन्ड पॅरंटहुड संस्थेच्या प्रमुख सेसिल रिचर्ड्स समितीपुढे बसलेल्या, आणि अध्यक्ष जेसन चॅफेट्झ यांनी पडद्यावर दोन बाण दाखवले. गुलाबी खाली उतरणारा, लाल वर चढणारा, मधे फुली. गुलाबी म्हणजे कर्करोगाच्या तपासण्या वगैरे : २००६ मध्ये २० लाख ७ हजार, २०१३ मध्ये ९ लाख ३५ हजार. लाल म्हणजे गर्भपात : २ लाख ८९ हजारांवरून ३ लाख २७ हजार. आकडे बाणांशेजारीच छापलेले! तरी ३ लाखांचं टोक ९ लाखांच्या डोक्यावर चढून बसलेलं. उभ्या अक्षावर प्रमाणच नव्हतं. आलेख गर्भपातविरोधी संघटनेनं काढलेला आहे, हे रिचर्ड्सबाईंनी तिथंच सांगितलं.

माझा कल रिचर्ड्सबाईंकडे, हे लपवत नाही. पण त्यांच्या संस्थेचं गणितही मी तपासलंच असतं. 'आमच्या कामात गर्भपात फक्त ३ टक्के', असं ते सांगत. खोटं नाही, फक्त छेद सोयीचा. गर्भनिरोधक देणं एक सेवा, गरोदरपणाची चाचणी एक सेवा, आणि गर्भपातही तशीच एक सेवा. अशा वर्षाला कोटभर सेवा. तेच गर्भपात सेवांऐवजी सेवा घेणाऱ्या सत्तावीसेक लाख माणसांनी भागले, तर १२ टक्क्यांच्या आसपास येतं. उलट २०११ मध्ये सिनेटर जॉन काइल सभागृहात म्हणाले होते, ९० टक्क्यांहून कितीतरी जास्त. पत्रकारांनी विचारल्यावर कार्यालयाचा खुलासा आला : ते विधान तथ्य म्हणून केलेलं नव्हतं. असं उत्तर माझ्या वर्गात कुणी दिलं असतं तर!

आपल्याकडे तर अंशाचाच पत्ता नाही. सरकारी नोंदीत वर्षाला सातेक लाख गर्भपात. लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासाचा २०१५ साठीचा अंदाज १ कोटी ५६ लाख. मधली तफावत बहुतेक गर्भपाताच्या गोळ्यांची. गर्भपात करणाऱ्या जवळपास तीन चतुर्थांश बायका दवाखान्याची पायरी न चढता गोळ्या घेतात, मग नोंद करणार कोण? मोठा आकडा ऐकून एक म्हणतो, केवढा अनर्थ. दुसरा म्हणतो, एवढ्या बायकांना डॉक्टर का मिळत नाही. मला दुसऱ्याचं पटतं.

२०११ च्या जनगणनेत बीडचं ० ते ६ वयोगटातलं प्रमाण हजार मुलांमागे ८०७ मुली निघालं, तेव्हा भाषणांत गर्भपात आणि लिंगनिवड यांची सर्रास भेसळ व्हायची. १९७१ चा कायदा अटींसह गर्भपाताला परवानगी देतो, १९९४ चा कायदा लिंगनिदानाला बंदी करतो. दोन्ही वेगळे. पण ८०७ म्हटलं की टाळ्या पडायच्या आणि गोळी मागणारी प्रत्येक बाई गुन्हेगार ठरायची.

त्या जनगणनेत मी प्रगणक होते. विवाहितेला मुलं किती झाली, त्यांतली हयात किती, एवढं विचारायचं. एका घरी उंबऱ्यात बसलेल्या बाईनं बोटं मोजली. "तीन." सासू पाणी आणायला आत गेली, तशी हळूच म्हणाली, "आन् दोनदा पिशवी साफ केली. ते लिव्हायचं का?"

रकाना नव्हता. मी म्हटलं, "नको." आणि पुढचा प्रश्न विचारला.