तिकालचं तेहेतीस नंबरचं मंदिर, मुक्काम फिलाडेल्फिया

फिलाडेल्फियात पाहुणे आले की लिबर्टी बेल दाखवायची, इंडिपेन्डन्स हॉलसमोर फोटो काढायचे आणि चीजस्टेक खायला घालायचं (शाकाहारी निघाले तर प्रेट्झेलवर भागवायचं), असा ठरलेला कार्यक्रम असतो. माझ्या धाकट्या बहिणीनेही तोच आखला होता. मला मात्र पेन म्युझियमच्या (म्हणजे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयाच्या) अभिलेखागारात जायचं होतं. "दादा, एवढी रजा टाकून तू कागद बघायला आलास?" म्हणाली ती. हो, कागदच. पण त्या कागदांत एक अख्खं मंदिर आहे.

त्याची गोष्ट अशी. त्याआधीच्या हिवाळ्यात ग्वाटेमालातलं तिकाल, माया लोकांचं प्राचीन शहर, पाहिलं होतं. फ्लोरेसहून पहाटेची मिनीबस, पुढे जंगलातली पायवाट, डोक्यावर माकडांच्या डरकाळ्या (हाऊलर माकडं खरोखर वाघासारखी ओरडतात) आणि मग एकदम समोर महाचौक. पूर्वेला ४७ मीटर उंचीचं पहिलं मंदिर, पश्चिमेला दुसरं. उत्तरेला शेकडो वर्षांच्या बांधकामांचा एकावर एक चढलेला डोंगर, त्याला नॉर्थ अॅक्रोपोलिस म्हणतात. या डोंगराच्या पुढच्या रांगेत बरोबर मधोमध काहीतरी गेल्यासारखं वाटतं. तिथे शिखर नाही. बुटकं बांधकाम, त्यावर झावळ्यांचं छप्पर. बाजूने एक अरुंद बोळ आत जातो. आत भिंतीवर भलेमोठे मुखवटे आहेत, पण मोबाईलच्या उजेडात आधी फक्त एकाचं नाक दिसलं. चुन्याच्या गिलाव्याचं, ओलसर, हिरवट शेवाळ धरलेलं नाक. पूर्ण चेहरा बघायला मागे सरकावं, तर पाठ भिंतीला टेकली.

वाटाड्याने सांगितलं, या मुखवट्यांवर ३३ मीटर उंचीचा पिरॅमिड उभा होता. पुरातत्त्ववाल्यांनी तो १९६५ मध्ये उतरवला. उतरवला म्हणजे? म्हणजे दगडन् दगड सुटा करून.

हे डोक्यातून जाईना. म्हणून फिलाडेल्फिया.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयाने १९५६ ते १९७० अशी सलग वर्षं तिकालला खणलं. सुरुवातीला एडविन शूक प्रमुख होते, पुढे विल्यम को. सापडलेल्या वस्तू बहुतांशी ग्वाटेमालातच राहिल्या. इकडे आली ती वह्या, कार्डं, फोटो, निगेटिव्ह आणि नकाशे. संग्रहालय साऊथ स्ट्रीटवर आहे, थर्टिएथ स्ट्रीट स्टेशनवरून चालत जाता येतं. अभिलेखागाराला आधी ईमेल करून वेळ घ्यावी लागते. पिशवी बाहेर ठेवायची, पेन आत चालत नाही, फक्त पेन्सिल. आपल्याकडच्या दफ्तरखान्यांत साहेबांची सही मिळेपर्यंत जो घाम फुटतो, तो इथे नाही, हे कबूल केलंच पाहिजे.

कागदांवर मंदिराला नाव नाही, नंबर आहे: ५डी-३३-१. यातलं ५डी म्हणजे नकाशातला चौकोन. तिकालचा १६ चौरस किलोमीटरचा नकाशा १९६१ मध्ये छापला गेला, तो ५००-५०० मीटरच्या चौकोनांत विभागलेला आहे. झाडी तोडत, पायी फिरून केलेली मोजणी ती. (२०१८ मध्ये विमानातून लेसरने २१०० चौरस किलोमीटर जंगल मोजून साठ हजारांवर बांधकामं शोधल्याची बातमी आली, तेव्हा सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. मला जुन्या नकाशाचंच जास्त कौतुक वाटतं.) ३३ हा इमारतीचा क्रमांक, उंचीचाही तोच आकडा निघाला हा योगायोग. शेवटचा १ मात्र उलट्या मोजणीचा आहे. वरून खाली उतरताना जे आधी भेटतं ते पहिलं, त्याच्या पोटातलं दुसरं, त्याच्याही पोटातलं तिसरं. बांधणाऱ्याने सर्वांत शेवटी रचलेलं खणणाऱ्याच्या हाताला आधी लागतं.

टेबलावर सेक्शनचं चित्र पसरलं. पिरॅमिड उभा चिरल्यावर दिसेल तसा. फरशांच्या रेघा, त्यांवर बारीक आकडे, भराव कुठे सैल आणि कुठे घट्ट याच्या खुणा. सगळ्यांत तळाशी, खडकात कोरलेली एक खोली: थडगं क्रमांक ४८. सियाह चान काविल या राजाचं. भिंतींवर रंगवलेल्या लेखात माया पंचांगातली तारीख आहे, ती इसवी सन ४५७ ची निघते. सोबत दोन किशोरवयीन मुलांचे सांगाडे; राजाबरोबर पाठवलेले. इथेच नंतर आणखी दोन थडगी घातली, २३ आणि २४ नंबरची. मधल्या टप्प्याच्या मंदिरात एक कोरीव उभी शिला सापडली, तीच प्रसिद्ध स्टेला ३१. वीरगळाला जसा आपल्याकडे मान देतात, तसा मान देऊन, पुढे धूप जाळून ती आत ठेवली होती आणि वरून नवा पिरॅमिड चढवला.

ही शिला मिळाली १९६० मध्ये. तेव्हा तिच्यावरच्या तारखा लागत होत्या, बाकीचा मजकूर जवळजवळ मुका होता. ३७८ मध्ये सियाह काक नावाचा कोणी पश्चिमेकडून आला आणि तिकालचं राज्य पालटलं, ही हकीकत तिच्यातून उलगडली ती पुढच्या दशकांत. पण चित्र काढणाऱ्याने न कळणारी एकेक खूण तेव्हाच तंतोतंत उतरवून ठेवली. एका फोटोत अर्धवट उतरवलेला पिरॅमिड आहे, पायऱ्यांवर मजूर, कडेला मोजपट्टी. मजुरांची नावं फोटोमागे नव्हती. ते खटकलं.

पाडायला हवं होतं का? शिखराची पडझड आधीच झाली होती, आणि पोटातले टप्पे समजून घ्यायला दुसरा मार्ग त्या काळी त्यांना दिसला नाही. तरीही माझं मत विरुद्धच आहे. बाराशे-तेराशे वर्षं उभी राहिलेली वास्तू एका पिढीच्या प्रश्नांसाठी उतरवायची, हा फार महागडा सौदा. एक मात्र खरं, उतरवली ती आळशीपणाने नाही. को यांचा या भागावरचा अहवाल १९९० मध्ये छापून आला, म्हणजे काम संपून वीस वर्षांनी, आणि तोही अनेक खंडांत. आपल्याकडे खणून झालं आणि अहवाल कधीच आला नाही, अशी स्थळं मोजायला बसलं तर बोटं पुरायची नाहीत. डेक्कन कॉलेजने इनामगावचा अहवाल पूर्ण केला, म्हणून तर आपण अजून त्याचं नाव घेतो.

जाता जाता एक गंमत. तिकालच्या मंदिरांत गणेशपट्टीच्या जागी ज्या कोरीव लाकडी तुळया होत्या, त्या चिकूच्या. डहाणू-घोलवडला आपण ज्याच्या बागा लावल्या, तेच हे झाड, मूळचं तिकडचं. लाकूड इतकं चिवट की हजार वर्षांहून जास्त टिकलं. त्याच तुळयांच्या लाकडाची कार्बन चाचणी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने केली आणि माया पंचांगाची आपल्या सनांशी सांगड कशी घालायची, या जुन्या वादात ती मोलाची ठरली.

तुम्ही जाणार असाल तर फिलाडेल्फिया आधी करा आणि तिकाल नंतर. अभिलेखागाराला लिहिताना "माया संस्कृतीबद्दल काहीही" असं मोघम लिहू नका, इमारतीचा नंबर द्या. सेक्शनचं चित्र नीट डोक्यात बसवा. आणि तिकालच्या त्या बोळासाठी चांगली टॉर्च न्या, मोबाईलचा उजेड अपुरा पडतो.