तुम्ही विचारलंत म्हणून: हे नॉर्मल आहे का?

एप्रिल लागला की पुण्याच्या ऑफिसात कुणीतरी हमखास विचारतं, “तुमच्याकडे जळगावला 44 म्हणे! हे नॉर्मल आहे का?” दरवर्षी मी नुसता हसतो. यंदा तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

हो, नॉर्मलच. म्हणजे नियमाप्रमाणे. हवामान खात्याचं ‘नॉर्मल’ म्हणजे तीस वर्षांची सरासरी, आणि मे महिन्यात जळगावकडे दुपारची ती सरासरीच 42 च्या पुढे. उष्णतेची लाट कधी म्हणायची? पारा सरासरीच्या 4.5 अंश वर गेला तर, नाहीतर थेट 45 ला टेकला तर. म्हणून 44 ला आमच्याकडे रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, पण लाट नसते. किनाऱ्यावर मात्र हिशोब 37 पासून सुरू होतो. मार्चात मुंबई 38 झाली की लाट. मुंबईचा घाम आम्हाला सोसत नाही, हेही कबूल. पण जो रोज भाजतो, त्याचं भाजणं धरायचंच नाही, ही गंमत बघा.

आईकडे पाऱ्याचा थर्मामीटर होता. माणसाचं नॉर्मल 98.6, आणि याला कपाटात पडल्या पडल्याच 102 ताप! झटकला तरी उतरायचा नाही, कारण खोलीच तेवढी तापलेली. मग आई तो आधी माठातल्या गार पाण्यात बुडवायची, झटकायची आणि लगेच आमच्या तोंडात कोंबायची.

आमची केळीची बाग यावल तालुक्यात. हवामानावर आधारित विम्यात उन्हाच्या नुकसानीसाठी बाग बघत नाहीत, हवामान केंद्राचे आकडे बघतात. पानं करपली, घड सटकले, त्याचं काही नाही. ठरलेल्या अंशाच्या वर पारा ठरलेले दिवस राहायला हवा, तोही सलग. सगळी मेख त्या ‘सलग’मध्ये. एका वर्षी मोजणी शेवटच्या दिवसावर आली होती. वडील सकाळपासून ओट्यावर. दुपारी कुठूनसा एक ढग आला.

शेतकरी माणूस, मे महिना, आणि ढगाकडे बघून म्हणतात, “आजच यायचं होतं का रे बाबा तुला?”

थेंब न सांडता ढग सातपुड्याकडे गेला. दुसऱ्या दिवशी पारा होता तिथे आला. मोजणी पुन्हा एकपासून.