ज्योडीची आई आणि नान्नजचं रान

रविवार, सोलापूर

भाच्याचं ‘पाडस’ वाचून झालं. काल रात्री फोनवर नाक ओढत म्हणाला, “आत्या, ज्योडीची आई लई वाईट हाय.” पुस्तक मीच दिलेलं, तेव्हा आज बार्शी रोडनं नान्नजला, भावाच्या घरी जाणं आलंच.

मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची मूळ कादंबरी १९३८ ची, तिला पुढच्याच वर्षी पुलित्झर मिळालं. राम पटवर्धनांनी ती मराठीत आणली. ज्योडी नावाच्या पोराच्या बापाला साप चावतो, विष उतरवायला बाप एक हरिणी मारतो आणि तिचं पोरकं पिल्लू ज्योडी घरी आणतो, इथवर सगळ्यांना आठवतं. मीही शाळेत असताना तेवढ्यातच गुंतले होते. पण खरी गोष्ट पाडस वाढतं तिथून सुरू होते. आधी ते तंबाखूची रोपं तुडवतं, मग मक्याचे कोंब खातं. बाप अंथरुणाला खिळलेला. पोरगं पुन्हा पेरतं, मरमर करून कुंपण उंच करतं, तरी ते उडी मारून आत जातं आणि पुन्हा पीक खातं. आई गोळी झाडते, नेम बसत नाही, पाडस जखमी होतं. पुढचं ज्योडीलाच करावं लागतं.

या बाईनं ज्योडीच्या आधी कितीतरी लेकरं पुरलीत. तिच्या कणगीतलं कुणी खाल्लं, की ती कडवट होणारच. तिला खाष्ट म्हणून मोकळे होणाऱ्यांनी कधी रान राखलेलं नसतं, असं माझं मत आहे.

वहिनी मला बांधावर घेऊन गेली. वीतभर आलेली ज्वारी चार-पाच ओळींत शेंड्यापासून खुडलेली. ओल्या मातीत काळविटांच्या टोकदार, दुभंगलेल्या खुरांचे ठसे, आणि कडेला लेंड्यांचा ढीग. बांधाभोवती जुन्या साड्या बांधल्यात. त्यातली एक मीच तिला भाऊबीजेला दिलेली. बोलले नाही.

“दिसायला देखणी हायत वो ताई,” ती म्हणाली. “सोलापुरातनं लोक फोटू काढाय येत्यात. पर बी-बियाणाचं काय?”

इथलं अभयारण्य झालं १९७९ मध्ये, माळढोक पक्ष्यासाठी. माळढोक आता दिसणं मुश्किल. काळविटांचे कळप मात्र कुठंही दिसतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांना हात लावायचा नाही, आणि ते बरोबरच आहे. वहिनीलाही ते मान्य आहे. ती फक्त डबा बडवते.

“आन् ह्यो बघा,” ती पोराकडं हात करून म्हणाली. “सकाळी माझ्यासंगं कळपामागं वरडत पळतो, आन् रात्री पुस्तकातल्या हरणासाठी रडतो.”

पोरगं लाजलं. पण हार मानेना. म्हणाला, आईला वाचून दाखवतो, मग कळंल. जेवणं झाल्यावर ओसरीवर बसून त्यानं मका खाल्ल्याचं प्रकरण वाचलं. वहिनी शेंगा फोडत ऐकत होती. पाडसाबद्दल ती काही बोलली नाही, आईबद्दलही नाही.

“दुसऱ्या पेरणीला बी कुठनं आणलं त्यांनी?” तिनं विचारलं.

भाचा मागची पानं चाळायला लागला.